बसच्या लेनपुरता सोबती

सरकारने वीजगाडीवाल्यांचे लाड करायचं ठरवलं, तेव्हा कर माफ केलाच, वर गर्दीच्या वेळी बसची लेनही मोकळी करून दिली. अट एकच – गाडीत दोन माणसं हवीत. रोज ऑस्लोला नोकरीला जाणाऱ्या सुन्निवाने शेजारच्या सीटवर आजोबांचा ओव्हरकोट टोपीसकट पट्ट्याने बांधून बसवला. पोलिसाने कोटाला ‘सुप्रभात’ म्हटलं, आणि उत्तर न आल्यामुळे सुन्निवाला दंड केला.

दुसऱ्या दिवशी तिच्या गावच्या, आस्करच्या बसथांब्यावर, भुरभुरत्या बर्फात, तिने काच खाली करून एका परक्या माणसाला हाक मारली. तिकडे परक्याशी बोलतात ते त्याच्या घराला आग लागली तरच.

“ऑस्लोला जायचंय?”

तो दचकला. “हो... म्हणजे, हो.”

त्याचं नाव हाल्वर. हिवाळाभर तो रोज शेजारी बसला. डब्यातला तपकिरी चीजचा पाव अर्धा तिला द्यायचा. थंडीत बॅटरी उतरताना बघून ती घाबरली, की म्हणायचा, “बंद पडली तर मी ढकलेन. कोटाने ढकलली नसती.”

ती हसायची, आणि हसताना मनात यायचं – हा येतो तो माझ्यासाठी, की लेनसाठी? विचारलं तर उत्तर मिळेल, याचीच धास्ती.

शुक्रवारी रेडिओने सांगितलं – वीजगाड्या फार झाल्या, सोमवारपासून बसची लेन फक्त बसला. उतरताना तो म्हणाला, “बरं... मग.” ते दोन शब्द तिला शनिवार-रविवार झोपेविना पुरले.

सोमवारी थांब्यावर बस उभी होती. रांगेत हाल्वर. त्याने पायरीवर पाय ठेवला... सुन्निवाने डोळे मिटले.

तिच्याच गाडीचं दार वाजलं.

“बसने लवकर पोचशील,” ती कशीबशी म्हणाली.

“तीच तर भीती होती.”

गाड्यांची रांग मुंगीच्या पावलांनी वाटेतल्या सांडविकापर्यंत आली. हाल्वरने एका विटांच्या इमारतीकडे बोट दाखवलं. त्याचे कान लाल झाले होते.

“ते माझं ऑफिस.”

“कधीपासून?”

“सहा वर्षं. हिवाळाभर रोज तुझ्याबरोबर ऑस्लोला उतरून ट्रेनने... उलटा इथे यायचो. खरं सांगितलं असतं, तर तू पुन्हा कोट बसवला असतास.”

सुन्निवाने नजर रस्त्याकडे वळवली. त्याचा चेहरा पडला. शेजारून बस सुसाट निघून गेली.

“मग... इथे थांबवू?” तिने विचारलं.

“थांबलेलीच आहे,” तो हळूच म्हणाला.

तिने स्टिअरिंगवरचा हात काढून त्याच्या हातात दिला. रांग हलू नये, अशी प्रार्थना त्या अख्ख्या रस्त्यावर एकाच गाडीत चालली होती. माणसं मात्र तिथे नियमाप्रमाणे दोन होती.