शेवटच्या दोन हार्ड डिस्क

दुकानात त्या मापाच्या दोनच हार्ड डिस्क उरल्या होत्या. एकीवर माझा हात पडला, आणि दुसरीवर... कुणाचा तरी. लांब बोटं, अगदी बारीक कापलेली नखं.

"एक घेऊन मी काय करू?" मी म्हटलं.

"मीही तेच विचारणार होतो," तो हसला. बाहेरच्या पावसानं त्याचा एकच खांदा भिजला होता.

दुकानदारानं हात झटकले. "नवा माल आठवड्यानं येईल. तुमचं तुम्ही ठरवा."

"घाई आहे तुम्हाला?" त्यानं मला विचारलं.

"एका लग्नाची फिल्म अडकलीय. माझा कॉम्प्युटर असाच रखडला, तर नवरीचं मूल शाळेत जाईल."

त्यानं आपली डिस्क माझ्या हातात ठेवली. "घ्या. पण एक अट— दोन कशाला लागतात ते दाखवायचं. मी दातांचा डॉक्टर आहे. स्क्रू बरे पिळतो."

मी इतक्या मोठ्यानं हसले, की माझी मलाच लाज वाटली. सवय मोडली होती ना! ताई लग्न होऊन परदेशी गेल्यापासून घरात बोलायला कुणी नव्हतंच. दिवसभर परक्यांची लग्नं कापायची, जोडायची. त्यांच्या आत्या-मावश्या मला तोंडपाठ. माझा फोन मात्र वाजला, तर तो गिऱ्हाइकाचा.

रविवारी सकाळी तो आला. जमिनीवर बसून आम्ही कॉम्प्युटरचं कॅबिनेट उघडलं. आतली धूळ बघून त्यानं नाकाला रुमाल बांधला. "पेशंटनं कधी दात घासलेले दिसत नाहीत!"

डिस्क बसल्या, केबल जोडल्या. मग मी सेटिंगमध्ये जाऊन दोन्हींची मिळून एक केली. "याला स्ट्रायपिंग म्हणतात. फाइलचे तुकडे पाडायचे. एक हिच्यावर, पुढचा तिच्यावर. दोघी एकदम लिहितात, म्हणून काम झपाट्यानं होतं."

"आणि एक बिघडली तर?"

"तर दुसरीतलंही मातीमोल. नुसते अर्धेमुर्धे तुकडे उरतात."

"अरे बापरे! मला बरोब्बर उलटं हवं होतं. दोन्हींवर तेच. एक गेली तरी दुसरी असावी."

"असं काय जपायचंय एवढं?"

"आहे... थोडंसं." तो उरलेली केबल गुंडाळू लागला. गुंडाळलेलीच होती ती.

चहा घेऊन तो गेला. तोवर माझं घर नुसतं शांत होतं. त्या दुपारी ते रिकामं वाटलं.

फिल्म संपत आली, आणि एका डिस्कमधून टकटक ऐकू यायला लागली. स्क्रीन जागच्या जागी गोठला. मूळ शूटिंग बाहेरच्या डिस्कवर सुखरूप होतं, पण कापून जुळवलेलं सगळं गेलं. सांगायचं कुणाला? ताईकडे मध्यरात्र असणार. हातानं आपसूक डॉक्टरला फोन लावला.

भर दुपारी दवाखाना बंद करून तो दारात उभा.

"तुम्हाला यातलं काही करता येणार नाही," हुंदका गिळत मी म्हटलं.

"माहितीय. पण एकटीनं कशाला रडत बसायचं?"

तो शेजारी बसला, म्हणून मी नवरीला खरं सांगू शकले. ती चिडली, बोलली, आणि शेवटी मुदत दिली. बिघडलेली डिस्क बदलून मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आता रोजचं काम रोज बाहेरच्या डिस्कवर उतरवून ठेवत होते. दवाखाना सुटला की तो यायचा. मागच्या खुर्चीतून ओरडायचा, "ही मावशी पुन्हा रडली!" मी नव्यानं हसायला शिकत होते...

फिल्म नवरीकडे पोचली. त्याचं यायचं कारणही संपलं. तो फोन करेना, मी करेना. किती वेळा नंबर काढला आणि फोन पालथा ठेवला! शेवटी दुकानातून दोन डिस्क घेतल्या आणि सरळ त्याच्या घरी गेले.

"तुमच्या राहिल्या होत्या," मी म्हटलं. तो दारातून बाजूला झाला.

दोन्ही डिस्कवर तेच उतरेल अशी जोडणी मी करून दिली. त्यानं जुन्या डिस्कमधून फाइल घेतल्या. सगळ्या आवाजाच्या.

"कुणाचा आवाज?"

"बाबांचा. मी दवाखान्यात असायचो, फोन उचलता यायचा नाही. ते निरोप ठेवायचे." त्यानं एक फाइल लावली. खोकला... आणि थकलेला, मायाळू आवाज— "जेवलास का रे बाळा?"

"सगळ्यांत एवढंच आहे," तो म्हणाला. "रोज एक ऐकतो. आणि रोज 'हो बाबा' म्हणतो... जेवलो नसलो तरी."

मी त्याच्याकडे वळले.

"आज जेवलास? खरं सांग."

तो चमकला. "तुम्ही मला..."

"हो, 'तू' म्हटलं. चालणार नाही?"

"चालेल," तो म्हणाला. "नाही जेवलो. तू?"

"मीही नाही. आणि यापुढे तुझ्याशिवाय जेवायचं नाही, असं ठरवूनच आलेय."

तो उठला, फडताळात अगदी मागे ठेवलेलं दुसरं ताट काढलं, आणि नळाखाली धरून माझ्याकडे पाठ करून बराच वेळ धूत राहिला.