संत्र्याची फोड आणि दोन साक्षीदार

अविगेल ज्यूंच्या त्या धर्मवर्गात पहिल्यांदा आली ती गारांमुळे. जोहान्सबर्गवर त्या दुपारी अशा काही गारा कोसळल्या, की ती वाट फुटेल तिकडे पळाली आणि सिनेगॉगच्या ओसरीत एका उंच मुलाच्या अंगावर जाऊन आदळली.

"शिकायला आलीस?" त्यानं विचारलं.

"जीव वाचवायला!"

"मग आत ये... जीव आणि धर्म, आम्ही दोन्ही वाचवतो. वर खारवलेल्या माशाची चटणी फुकट."

तो नफ्ताली काट्झ. त्यानंतर तरुणांच्या त्या वर्गाला अविगेल दर रविवारी न चुकता येऊ लागली. तोंडानं चटणीला नावं ठेवी, नजर मात्र नफ्तालीच्या बाकाकडे. तो चिडवी, ती उलट टोला हाणी. पण खरं मनातलं बोलायची वेळ आली, की दोघांचीही दातखीळ बसे.

सातव्या रविवारी विषय निघाला लग्नाचा. वर्ग घेणारे धर्मगुरू, रब्बी झलमान, सांगत होते, "अंगठीच हवी असं नाही. पुरुषानं स्वतःच्या मालकीची, चार पैसे किमतीची वस्तू दोन साक्षीदारांसमोर लग्नाचे शब्द म्हणून दिली आणि बाईनं घेतली, की बंधन पक्कं." तेवढ्यात फोन आला आणि ते बाहेर गेले.

"एवढं सोपं?" अविगेल हसली. "मग तुम्हा मुलांचं घोडं अडतं कुठे?"

नफ्तालीनं खिशातून घरच्या झाडाचं संत्रं काढलं. मागच्या बाकावरच्या दोघांना म्हणाला, "बघा रे, साक्षीदार तुम्ही." आणि ते जुने हिब्रू शब्द त्यानं सावकाश, स्पष्ट म्हटले— या संत्र्यानं तू माझी झालीस...

अविगेलनं तोऱ्यात ते घेतलं, सोललं आणि एक फोड तोंडात टाकली. वर्गानं टाळ्यांचा कडकडाट केला.

"काय केलंत हे?" दारात रब्बी उभे होते. चेहरा पांढराफटक.

फोड तिच्या घशातच अडकली. "थट्टा हो, रब्बी..."

"पोरी, या शब्दांची थट्टा होत नसते. लग्न झालंच नाही, असं मी छातीठोक सांगू शकत नाही. शंका नको म्हणून नफ्तालीला तुला काडीमोड द्यावा लागेल."

"देईल की! संत्र्याचं लग्न, सालीचा काडीमोड," मागून कुणीतरी खिदळलं.

रब्बी हसले नाहीत. "नफ्ताली कोहेन आहे. पुरोहितांच्या कुळातला. काडीमोड झालेल्या बाईशी त्याला लग्न करता येत नाही. आज त्यानं मोकळं केलं, तर ही दोघं पुन्हा कधीच एकमेकांची होऊ शकणार नाहीत."

अविगेलच्या पायाखालची जमीनच सरकली. इतके दिवस ती मनात मांडे खात होती, आणि एकाच दुपारी लग्नही झालं नि ताटातूटही? तिला नफ्तालीकडे बघवेना.

"मी नाही देणार," नफ्ताली म्हणाला. "सुरुवात थट्टेत केली, रब्बी... पण म्हणता म्हणता थट्टा उरलीच नाही. मला ही हवी आहे. हिलाच सुटायचं असेल तर... तर देईन."

रब्बी तिच्याकडे वळले. "बोल पोरी. तुझं काय?"

साऱ्या माना तिच्याकडे वळल्या. तिचे डोळे भरून आले, आणि त्यातच हसू फुटलं.

"काडीमोड नको. मला आवडतो हा. पण रब्बी... मी बायको झाले म्हणता, आणि या माणसानं मला अजून साधी कॉफीसुद्धा पाजलेली नाही!"