द्रोणागिरीच्या पुढचं स्टेशन

रात्रपाळी संपवून अपेक्षा बेलापूरला उरणच्या गाडीत बसली, तेव्हा तिचे डोळे उघडे राहायला तयारच नव्हते. या लाइनीवर सकाळी उरणकडे जाणारी गाडी अर्धीअधिक रिकामी असते. खिडकी मिळते, खाडीवरचा खारा वारा तोंडावर येतो… आणि मग नर्सची बारा तासांची ड्यूटी हळूहळू अंगात उतरते. तिला उतरायचं होतं द्रोणागिरीला. जाग आली ती कुणीतरी समोरचं बाकडं वाजवलं तेव्हा.

"थांब की गं आये वाईच…" ती पुटपुटली.

समोर केशरी जाकीट घातलेला तरुण उभा होता, तिच्याइतकाच दमलेला.

"आये न्हाई," तो हसून म्हणाला. "उरण आलंय, शेवटचं स्टेशन. सांगलीकडच्या काय तुमी?"

ती जतची होती, तो कुंडलचा. नाव राजरत्न. रेल्वेत ट्रॅकमन, रात्रभर रूळ तपासत चालायचं आणि सकाळी या गाडीनं खोलीवर परतायचं. परतीची गाडी तासाभरानं होती. त्याची खोली स्टेशनामागंच होती, तरी तो गेला नाही. दोन चहा घेऊन आला. आमच्याकडं अजून टँकर येतो आणि इथं चहूकडं पाणी, पण घोटभर पिता येत नाही, असं ती म्हणाली. आपल्यालाही हेच वाटतं, पण चार वर्षांत कुणाला सांगता आलं नव्हतं, असं तो म्हणाला.

मग त्यांचं ठरूनच गेलं. गव्हाणपर्यंत त्यानं झोपायचं, तिथून द्रोणागिरीपर्यंत तिनं. जागा असेल त्यानं दुसऱ्याला उठवायचं. अर्ध्या तासाच्या त्या प्रवासात बोलायला फारसा वेळ उरत नसे, तरी 'तुमी'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही.

"तू झोपंत बोलतीस," एकदा तो म्हणाला.

"काय बोलते?"

"पेशंटला दटावतीस. आन्… काल माझं नाव घेतलंस."

"खोटं."

"व्हय, खोटं. पर घ्यायला हरकत न्हाई."

ती खिडकीबाहेर तिवरांकडं बघत राहिली. कान मात्र तापले होते.

श्रावण सरत आला तेव्हा एका आठवड्यात तो झोपेनासा झाला. पाळी त्याची असली तरी डोळे उघडे ठेवून नुसता बसायचा. पाचव्या दिवशी तिनं विचारलंच. तेव्हा त्यानं सांगितलं. कुंडलजवळच्या किर्लोस्करवाडीतल्या एका ट्रॅकमनला इकडं यायचं होतं, त्याच्याशी अदलाबदलीनं बदली मंजूर झाली होती. चार वर्षं ज्यासाठी अर्ज केले, तीच. कुंडलात आई एकटी होती. गुडघ्यांनी तिला पार जखडलं होतं.

"न्हाई म्हणून लिवून देणार हाय," तो म्हणाला.

"कुणापायी?"

तो जाकिटाची चेन वर-खाली करू लागला.

"माझ्यापायी असंल तर देऊ नगं. जलमभर त्याचं वझं मला झेपायचं न्हाई." तिचा आवाज थकला होता, पण डगमगत नव्हता. "मिरजंत काय दवाखाने कमी हायत? मी आले असते की… पर तू इचारलंस कुठं?"

द्रोणागिरी आलं. गाडी थांबली. ती उठली नाही.

"येशील?" त्यानं विचारलं. "माझ्या घरात… माझी बायकू हुऊन?"

"येईन."

गाडी सुटली. रूळ तपासून राठ झालेला त्याचा हात तिनं आपणहून हातात घेतला.

घरी सांगायचं काम मात्र तिचं होतं. तसं तिनं त्याला बजावलंच. त्याच दुपारी तिनं वडलांना फोन लावला. ते माळावर मेंढरं राखत होते. तिनं सगळं सांगितलं. पोराचं नाव सांगितलं, आणि कांबळे हे आडनावही गिळलं नाही. पलीकडं नुसतं मेंढरांचं ओरडणं. त्यांनी फोन ठेवला असं वाटून तिनं "आबा?" अशी हाक मारली.

"ठरीवलंयस, का इचारतीयास?" आबांनी शेवटी विचारलं.

"ठरीवलंय, आबा. तरी इचारतीया."

त्यांनी एका चुकार मेंढराला हाळी दिली. मग ते दमलेल्या आवाजात म्हणाले, "दिवाळी झाली की आमी कळप घिऊन बाहेर पडणार. त्याच्या आदी आण त्याला. बघू दे."