गाडीची बॅटरी कोण खातं?

"एक... दोन... ढकला!"

मास्तरीण ओरडली आणि तिघं भावंडं गाडीला मागून भिडली. मास्तरीण म्हणजे सगळ्यात थोरली ताई, घरात तिला हेच नाव पडलेलं; मधला भाऊ बोका, धाकटी टिल्ली. सुट्टी लागल्यापासून रोज सकाळी हेच! उतार लागला की गाडी आचके द्यायची, खोकायची आणि एकदाची सुरू व्हायची. आई हात हलवून दवाखान्यात ड्यूटीवर जायची आणि तिघं घामेघूम होऊन फुटपाथवर बसायची.

"ही काय सुट्टी आहे? नुसती हमाली!" बोका धापा टाकत म्हणाला.

गाडी जुनी, स्वस्तातली. मामानेच मिळवून, ठाकठीक करून दिलेली. तिला नवी बॅटरी घातली, तरी तीही रात्रीत उतरायची.

त्या संध्याकाळी आई घरी आली ती खुर्चीत कोसळलीच.

"आज पुन्हा उशीर झाला. मोठ्या सिस्टरनी सगळ्यांसमोर ऐकवलं," ती मामाला म्हणाली. "आता अंगात त्राण नाही रे. काढून टाक ती गाडी. जाईन दोन बस बदलून."

"उद्याच भंगारवाल्याला बोलावतो, अक्का! जुन्या गाड्यांचं असंच असतं."

तिघं गुपचूप बाहेर सटकली.

"दोन बस म्हणजे आई आपण उठायच्या आत जाणार," टिल्लीचा आवाज रडवेला झाला. "मग ती दिसणार कधी?"

"रडू नकोस, शोध! बंद गाडीत वीज खातंय कोण?" मास्तरीण म्हणाली.

पुढचे दिवे बंद, रेडिओ बंद, आतला दिवाही बंद. राहिली डिकी.

"डिकी लावली की तिचा दिवा विझतो," बोका म्हणाला.

"विझताना तू पाहिलायस?" मास्तरणीने विचारलं.

"थांब, आत बसून बघतो!"

"डोकं फिरलंय का? अडकलास म्हणजे?"

मास्तरणीने मोबाइलवर व्हिडिओ सुरू केला, मोबाइल डिकीत ठेवला आणि झाकण आपटलं. थोड्या वेळाने काढून बघतात तो काय! पडद्यावर काळोख नव्हताच. जादा चाक, फडकी, सगळं लख्ख दिसत होतं!

"झाकण वाकडं आहे! दिव्याचं बटण दाबलंच जात नाही!" टिल्लीने बोट दाखवलं.

बोक्याने दिवा काढून खिशात टाकला. मग तिघं साळसूदपणे मामाकडे गेली.

"मामा, भंगारवाल्याआधी तू ये. गाडी सुरू झाली नाही, तर उद्या तू ढकलायची!"

"कबूल!" मामा हसला.

सकाळी मामा बाह्या सरसावून गाडीमागे उभा राहिला. आईने कंटाळूनच किल्ली फिरवली.

घर्रर्र! पहिल्याच फटक्यात!

"अरे!" मामा दचकला. मास्तरणीने व्हिडिओ त्याच्यासमोर धरला. तो पाहून मामाचा चेहरा उतरला.

"डिकीचं झाकण मीच ठोकून बसवलं होतं. नीट बघितलंच नाही," तो पुटपुटला. "शाबास, पोरांनो! माझ्या चुकीचा त्रास तुम्ही सोसलात."

"मी रोज पेशंटची नाडी बघते, पण गाडीची नाडी तुम्हीच ओळखलीत!" आई म्हणाली आणि तिने तिघांच्या डोक्यांवरून हात फिरवला.

निघायला अजून वेळ होता. कितीतरी दिवसांनी घाई नव्हती. आईने मान मागे टेकली आणि डोळे मिटले. इंजिन घरघरत राहिलं. तिघं गाडीच्या दाराशी उभी राहिली, वेळ झाली की तिला हाक मारायला.