विमानाआधी पोचलेला भाऊ

यातलं एक अक्षरही रचलेलं नाही. पटलं नाही तरी शेवटपर्यंत ऐका.

बल्गेरियातलं समुद्राकाठचं वार्ना शहर. नोव्हेंबरमधली दुपार. वेसेलाच्या आईला जाऊन दुसऱ्या दिवशी चाळीस दिवस होणार होते. वेसेला स्वयंपाकघरात विधीचा गहू शिजवत होती.

फोन वाजला. धाकटा भाऊ कालोयान, राजधानी सोफियाच्या विमानतळावरून.

“ताई, विमानात बसलो गं.”

“नक्की ना? आई गेली तेव्हाही बसतच होतास तू, आलास कुठे?”

“झालं तुझं सुरू! तासाभरात पोचतो.”

सोफिया ते वार्ना पावणेचारशे किलोमीटर. विमानालाही जवळपास तास लागतोच.

वेसेलाने फोन ठेवला, गव्हाखालचा गॅस बंद केला...

दारावरची बेल वाजली.

दारात कालोयान.

तिच्या कपाळावर आठी पडली. म्हणजे हा आधीपासून वार्नातच होता! कुणाकडे? आई शेवटच्या घटका मोजत होती तेव्हाही इथेच कुठे लपला होता की काय?

“फोन कुठून केलास? खरं बोल.”

तो तिच्या बाजूने आत शिरला.

बाहेर भुरभुर पाऊस... याचा कोट कोरडा. हातात बॅग नाही. चार मजले चढून आलेला... पण श्वास ऐकू येत नव्हता.

तो सरळ आईच्या खोलीत गेला. दार लावून घेतलं.

“जा, बस रुसून! आत्ता आठवली आई!”

वेसेला धुसफुसत गव्हात घालायचे अक्रोड फोडायला बसली.

आतून पलंग करकरला.

मग कुजबुज...

तिने दाराला कान लावला. फोनवर बोलतोय मेला, असं वाटलं तिला. पण आवाज दोन होते. एक त्याचा. दुसरा... खोल, घोगरा.

शब्द कळेनात. मधेच एक कळला.

“वेसेला...”

आणि कुजबुज एकदम थांबली.

तिच्या खिशातला फोन वाजला. नाव... कालोयान.

“ताई, अजून सोफियातच आहे गं. धुकं पडलंय, विमान हलतच नाहीये. आता उतरा म्हणतायत. रात्रीच्या बसने येतो.”

मागे माणसांची कुरकुर, सामान काढल्याचे आवाज.

“कालोयान... तू आईच्या खोलीत आहेस ना?”

“भर दुपारी राकियाचा पेला चढवलास की काय?”

तिने दार ढकललं.

खोलीत कुणी नव्हतं. खिडकीला आतून कडी. पलंगाच्या चादरीवर दोन खळगे... शेजारी शेजारी.

हात लावला. दोन्ही ऊबदार.

संध्याकाळी शेजारच्या पेनकाबाई म्हणाल्या, “भाऊ आला वाटतं? जिन्यात दिसला. हाक मारली, तर वळूनही बघेना.”

सकाळी कालोयान बसने आला. चेहरा पांढराफटक. प्रार्थना झाली, घरी पाहुण्यांना गहू वाटला, तेव्हा वेसेलाने त्याला कोपऱ्यात गाठलं.

“काल विमानात काय करत होतास?”

“बसल्या बसल्या डोळा लागला. आई दिसली. पलंगावर शेजारी बसवलं तिने मला.”

“काय म्हणाली?”

तो वाटीतला गहू चमच्याने ढवळू लागला.

“काही नाही.”

“माझं नाव घेतलं तिने. मी ऐकलंय.”

त्याने हातातली गव्हाची वाटी तशीच खाली ठेवली.

आता काही वर्षं झाली याला. कालोयान वार्नाला येतो, हसतो, बोलतो. पण ताईच्या हातचं पाणीसुद्धा पीत नाही. पोट बरं नाही म्हणतो.

आईचं जेवण, आईची औषधं... शेवटचं वर्षभर सगळं वेसेलाच बघायची.

आई त्याला काय म्हणाली, हे पुन्हा विचारायचं धाडस तिला अजून झालेलं नाही.