नकाशावरचा बारमाही झरा

काळ्या डोंगराच्या पायथ्याशी झरा आहे की नाही, एवढंच बघून परत यायचं होतं. झरा असला तर पुढच्या महिन्यात तिथे तांब्याची खाण सुरू होणार होती आणि तीनशे मजूर बायकापोरांसह राहायला जाणार होते. खडक तपासायचं काम कंपनीत माझ्याकडे आणि कंपनीचे अध्यक्ष म्हणजे माझ्या ताईचे यजमान. म्हणून हे लोढणं माझ्याच गळ्यात!

दाजी आधी सैन्यात होते. मग निवडून आले, मंत्री झाले, पुढच्या खेपेला पडले आणि कंपनीत आले. यातलं एकही काम त्यांनी मनातून सोडलं नव्हतं. रोज पहाटे पाचला शिट्टी फुंकून ते आम्हाला रांगेत उभं करायचे. रांग कुणाची? मी, खेचरवाला आणि खेचर! त्यानंतर "मित्रहो" म्हणून भाषण. शेवटी कामाचा अहवाल, तोही मीच लिहायचा.

खेचराचं नाव सरकार होतं. "ढकलल्याशिवाय हलत नाही," असा खेचरवाल्याने खुलासा केला. माजी मंत्र्यांना तो चांगलाच झोंबला.

निघाल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही एका कोरड्या नदीच्या पात्रात उतरलो. वळणावर सरकार थांबलं आणि खुराने वाळू उकरायला लागलं.

"साहेब, इथंच खणून बघू," खेचरवाला म्हणाला. "पुढं पाणी नाही. माझा बाप सांगायचा."

"तुझ्या बापाकडे नकाशा होता का?" दाजींनी लष्करी नकाशाची घडी उलगडली. डोंगराशी एक निळा ठिपका होता आणि शेजारी बारीक अक्षरांत 'झरा, बारमाही'. "सैन्याच्या गस्तीने जाऊन पाहिलाय हा!"

"अहो दाजी, पाण्याचे दोनच कॅन उरलेत. परतीला तेवढेच लागतील."

"म्हणूनच पुढे जायचं. फक्त चार तास!"

माजी सैनिकाशी वाद घालता येतो, माजी मंत्र्याशीही येतो. दोघं एकाच टोपीखाली बसलेले असले की आपण गप्प बसावं. सरकारला ओढत आम्ही निघालो.

चार तासांचे सात झाले. ऊन डोक्यात शिरत होतं आणि कड्यालगतच्या अरुंद वाटेवर पायाखालचे दगड निसटत होते. अचानक सरकारचा पाय घसरला!

"धरा! धरा!" खेचरवाला ओरडला.

मी दोर धरला. दाजींनी खोगीर धरलं. खेचर वाचलं, पण एक कॅन सुटला. दगडावर आपटला. फुटला! आमच्या डोळ्यांदेखत पाणी दरीत गेलं.

डोंगराच्या पायथ्याशी पोचलो तर निळ्या ठिपक्याच्या जागी तडकलेला कातळ. ओल नाही, शेवाळ नाही, गवताची काडी नाही. खडक वाचणं हा माझा धंदा आहे. इथे पाणी कधीच नव्हतं, हे कळायला मला दोन मिनिटं पुरली.

"कुठल्या गाढवाने हा ठिपका मारला?" मी किंचाळलो.

दाजी मटकन खाली बसले. "मी."

"काय?"

"लेफ्टनंट होतो तेव्हा. गस्त घेऊन इथवर यायचं होतं. पायांना फोड आले होते, जीव घाबरा झाला होता. दोन दिवस अलीकडच्या घळीत बसून राहिलो आणि अहवाल लिहून टाकला. नुसतं 'जाऊन आलो' लिहिलं तर कोण विश्वास ठेवणार? म्हणून झरा लिहिला. त्यांनी तो छापला. मंत्री झाल्यावर मी तोच नकाशा सभागृहात फडकवला. इतक्या वर्षांत मलाच खरं वाटायला लागलं रे."

मी कपाळावर हात मारून घेतला. "अहो, पण बारमाही कशाला? निदान पावसाळी तरी लिहायचं!"

तांबं मात्र खरं होतं. हिरव्या शिरांचे नमुने मी पोतंभर गोळा केले होते. खेचरवाल्याने पोत्याकडे पाहिलं, मग सरकारच्या लटपटत्या पायांकडे. मी पोतं तिथेच ओतलं. असे दगड पुन्हा आयुष्यात मिळणार नाहीत, हे ठाऊक असूनही ओतलं.

दुसरा कॅन अर्ध्या वाटेतच संपला. जिभा टाळ्याला चिकटल्या. नदीच्या त्याच वळणावर पोचलो तसे आम्ही वाळूवर तुटून पडलो. फावडं, गिरमीट, शेवटी नुसते हात! गुडघाभर खणलं. कोरडं. कमरेइतकं खणलं. ओल! मग गढूळ पाणी झिरपायला लागलं. फडक्यातून गाळून आम्ही ते प्यालो, सरकारच्या पाठोपाठ.

तेवढ्यात दाजींचा सॅटेलाइट फोन वाजला. पलीकडून कंपनीचे सचिव विचारत होते, "साहेब, संचालक मंडळ बसलंय. पाणी सापडलं का?"

दाजींच्या मिशांवरून पाणी ठिबकत होतं. 'सापडलं' म्हणाले असते तरी ते खोटं ठरलं नसतं!

दाजी ताठ उभे राहिले. "नाही. तीन माणसं आणि एक खेचर जगेल एवढंच आहे. मजूर पाठवू नका. खाण होणार नाही."

"पण साहेब, नकाशात तर..."

"नकाशा खोटा आहे. ती गस्त माझी होती आणि मी तिथे गेलोच नव्हतो. हे माझ्या नावासकट लिहून घ्या."

फोन बंद करून ते वाळूत बसले. "अध्यक्षपद गेलं. तुझ्या ताईला तू सांगशील?"

"छे! ते तुमचं तुम्ही सांगा," मी म्हणालो. मग खड्ड्यात उतरलो आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, त्यांनी हुकूम सोडायच्या आत, त्यांच्यासाठी पाण्याचा पेला भरून आणला.