अहो, चहा मुरला

चहा उकळायचा असतो, ही माझी समजूत आमच्या चिरंजीवांनी मोडीत काढली. वरुण गावाजवळच्या सायली औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात इंजिनिअर. गरम पाण्यात पत्ती टाकायची, झाकण ठेवायचं आणि हॉलच्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवरचा टायमर वाजेपर्यंत हात लावायचा नाही, हा त्याचा आमच्या सिल्वासाच्या घरातला नियम. नोकरीभर साहेबांच्या घंटीवर उठलो. निवृत्तीनंतर यंत्राच्या घंटीवर गाळणं उचलू लागलो.

घंटी कर्कश होती, म्हणून केतकीने, म्हणजे सूनबाईने, तिच्या जागी मंगलाचा आवाज भरला. वेळ झाली की आमच्या सौभाग्यवती हॉलच्या कोपऱ्यातून खुदकन हसून म्हणायच्या, “अहो, चहा मुरला.” त्या वेळी खरी मंगला स्वयंपाकघरात स्वतःसाठी आलं घालून चहा उकळत असे, ते वेगळं.

दिवाळीनंतर तिला पक्षाघाताचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, ओळखीचं एखादं वाक्य रोज ऐकवा आणि मागोमाग म्हणायला लावा. वाक्य घरात तयारच होतं. तिचा पलंग हॉलमध्ये आणला. मुलं कामावर गेली की मी टायमर लावायचो, चहा मुरायचा, आवाज यायचा. मंगला ओठ हलवायची. घशातून नुसती घरघर. एवढं एक वाक्य तिच्या तोंडून यावं म्हणून मी बादलीभर तरी कडू पाणी प्यायलो असेन.

एका दुपारी कोपऱ्यातला आवाज म्हणाला, “अहो, चहा मुरला. आज पत्ती जास्त झाली.”

झाली होती.

केतकीला फोन केला. आपण एकच वाक्य भरल्याचं ती शपथेवर सांगत होती. वरुण म्हणाला, काहीतरी अपडेट आलं असेल. या लोकांना खिडकीत मुंडकं दिसलं तरी ते अपडेटच म्हणतील.

मग रोज भर पडू लागली. ऊन येतंय, पडदा ओढा. शर्टाचं बटण तुटलंय. इकडे पलंगावरची घरघर मात्र विझत चालली. जणू या पातेल्यातलं पाणी त्या पातेल्यात जात होतं.

शेवटी एक दिवस टायमर लावून मी पलंगाशी बसलो. झाकणाखालून कडवट, दमट वास येत होता. मंगलाने सगळा जीव एकवटून तोंड उघडलं.

“ती…”

मी वाकलो. “कोण गं?”

“ती… बोलू… देत नाही…”

टायमर अजून चालू होता. तरी कोपऱ्यातून कुणीतरी खुदकन हसलं.

मी उठलो आणि कॉम्प्युटरची वायर उपटली. घर गप्प झालं. मग माझ्या पाठीमागे, पलंगावरून, स्वच्छ शब्द आले.

“अहो, आता बरं वाटतंय मला.”

डॉक्टर थक्क झाले. वरुणने कारखान्यात पेढे वाटले. मंगला आता दिवसभर बोलते. स्वयंपाकाच्या बाईंना टोमणे मारते, मला औषधांवरून झापते. एक अक्षर अडखळत नाही. सगळे म्हणतात, बाबांनी चिकाटीने वाचा परत आणली.

फक्त, ती बोलत असताना तिचा धड असलेला डावा हात चादरीखालून माझं मनगट शोधतो. घट्ट धरतो. आणि तिचं बोलणं संपेपर्यंत ते हलवत राहतो… नाही, नाही म्हणावं तसं.